पडद्यांची बेतणी

युरोपातील एखाद्या जुन्या प्रासादात प्रवेश केला म्हणजे भिंती, छत, मेज, खुर्च्या, आरसे हे सारे दोन-दोन शतके टिकून राहिलेले दृष्टीस पडते. परंतु ज्या वस्तूवर त्या प्रासादाच्या धन्याने बहुधा सर्वांत अधिक द्रव्य वेचले असेल ती वस्तू, म्हणजे पलंगांना आणि खिडक्यांना लावलेले वस्त्र, तेथे मूळ स्वरूपात क्वचितच आढळते. ऊन रेशमाची वीण जाळते, लोकरीला कसर लागते, धुराने व धुळीने मखमल मळते, आणि यातूनही जे वाचते ते पुढची पिढी अभिरुची पालटली म्हणून उतरवून ठेवते व हळूहळू उशा-गाद्यांच्या अभ्र्यांसाठी कातरून संपवते. म्हणूनच गृहशोभेच्या इतिहासात लाकडाविषयी जितके लिहिले गेले तितके कापडाविषयी लिहिले गेले नाही. आणि कापडाविषयी जे लिहिले गेले त्यातही ते विणले कसे आणि रंगवले कसे याचाच विस्तार अधिक, ते बेतले कसे याचा विचार फारच थोडा. पडद्याच्या माथ्यावर अर्धचंद्राकार लोंबणारा जो चुणीदार भाग असतो, ज्याला इंग्रज कारागीर स्वॅग म्हणतात आणि ज्याला या लेखात मी झोळ म्हणणार आहे, तो पाहणाऱ्याला वाऱ्याने सहज टाकल्यासारखा भासतो. वस्तुतः त्या सहजतेच्या मागे कागदावर आखलेली एक काटेकोर आकृती असते, आणि त्या आकृतीचा इतिहास हाच माझ्या मते या कलेचा खरा इतिहास होय.

खिडकीचा पडदा ही युरोपातही फार प्राचीन वस्तू नव्हे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत वस्त्राचे सारे वैभव पलंगाभोवती एकवटलेले असे. श्रीमंत गृहस्थाच्या मृत्यूनंतर त्याच्या चीजवस्तूंची जी यादी होई, तिच्यात पलंगाचे पडदे, छत आणि झालरी यांपुढे लिहिलेली किंमत पाहिली म्हणजे लाकडी पलंग हा केवळ ते वस्त्र अडकवण्याचा सांगाडा होता असेच म्हणावे लागते. खिडकीला लाकडी झडपा असत. पडदा असलाच तर एकेरी, उन्हाची तिरीप अडवण्यापुरता, लोखंडी सळईवर कड्यांनी सरकणारा असा असे. दोन्ही अंगांना सारखे दोन पडदे सोडून खिडकीला शोभा आणण्याची रीत त्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

फ्रान्समध्ये या साऱ्या वस्त्रांची व्यवस्था पाहणाऱ्या कारागिराला तापिसिये म्हणत. त्याचे काम केवळ शिवणकामाचे नव्हते: वस्त्र निवडणे, मापे घेणे, बेतणे, शिवणे, टांगणे, ऋतुमानाप्रमाणे उन्हाळ्याचा सरंजाम उतरवून हिवाळ्याचा चढवणे, आणि राजाची स्वारी एका प्रासादातून दुसऱ्या प्रासादात निघाली की तिच्यापुढे जाऊन दालने सजवून ठेवणे, हे सर्व त्याच्याकडे असे. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत कोल्बेर या मंत्र्याने १६६३ साली राजाच्या चीजवस्तूंचे खाते सुव्यवस्थित केले आणि त्याच्या दफ्तरात गालिचे, पडदे व पलंगपोस यांच्या नोंदी होऊ लागल्या. या पेशाला प्रतिष्ठा किती होती हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळते. मोलिएर या थोर नाटककाराचे वडील झां पोक्लँ हे पॅरिसचे तापिसिये. त्यांनी १६३१ साली राजाच्या तापिसियेचे पद मिळवले आणि १६३७ साली त्या पदाचा वारसाहक्क आपल्या या ज्येष्ठ पुत्राच्या नावे करून घेतला. पुत्राने बापाचा धंदा सोडून रंगभूमी पत्करली हे खरे. तथापि राजाच्या शय्येची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकांत त्याचे नाव पुढेही राहिले.

मराठी वाचकाला हे सारे अपरिचित वाटू नये, कारण असे खाते आपल्या राज्यव्यवस्थेतही होते. अठरा कारखान्यांच्या गणनेत फरासखाना येतो, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील पोलीस ठाण्याने पेशवाईतले ते नाव आजही चालू ठेवले आहे. त्याही पूर्वी अबुल फजलने आइन-इ-अकबरीत अकबराच्या फर्राशखान्याचे वर्णन केले आहे, त्यात बारगाह, शामियाना, सरापर्दा, गुलालबार असे तंबूंचे व कनातींचे प्रकार सांगून, मोठी बारगाह उभारावयास यंत्रांचे साहाय्य घेऊनही एक हजार फरासांना एक आठवडा लागे, असे म्हटले आहे. परंतु फरासाची विद्या आणि तापिसियेची विद्या यांत एक मूलभूत भेद आहे, आणि पुढील विवेचनाला तो उपयोगी पडेल. तंबू व शामियाना हे ताणाचे शास्त्र होय: सरळ पट्ट्या एकमेकींना जोडल्या, कडेला दोर ओवला, मेखा ठोकल्या आणि कापड ताणून धरले की छप्पर सिद्ध झाले, त्यात सैल पडलेला भाग म्हणजे दोष. युरोपातल्या पडद्यात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जी शोभा मानली गेली ती नेमकी सैलपणाची शोभा होती, आणि कापडाला हवा तेवढाच, हवा तेथेच, दोन्ही बाजूंना अगदी सारखा सैल ठेवणे हे त्याला ताणून धरण्यापेक्षा पुष्कळच अवघड आहे.

त्या टप्प्यापर्यंत पोहोचण्यास शंभर-सव्वाशे वर्षे लागली. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारे नांतचे फर्मान रद्द केले आणि फ्रान्समधील प्रॉटेस्टंट कारागीर हजारोंनी देशोधडीला लागले. त्यांच्यातच दानिएल मारो हा कुशल आराखडेकार हॉलंडला ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याच्या आश्रयाला गेला. त्याने कोरलेल्या चित्रांत पलंगांची उंचच उंच वस्त्रसज्जा दिसते, आणि तिच्या जोडीला खिडकीवर दोऱ्यांनी वर ओढून घ्यावयाचा पडदाही दिसतो. कापडाच्या मागील अंगाला उभ्या रांगांत कड्या शिवलेल्या असत. त्यांतून ओवलेल्या दोऱ्या ओढल्या की पडदा वर गोळा होऊन आपोआप झोळ पडत. या रचनेत कात्रीचे काम जवळजवळ नव्हते. कापड सरळच कापलेले, वळण येई ते दोरीमुळे. पडदा खाली सोडला की झोळ नाहीसा होई. अठराव्या शतकाचा बहुतेक काळ याच पद्धतीवर गेला. दिदरो आणि दालांबेर यांच्या विश्वकोशात तापिसियेच्या पेशासाठी स्वतंत्र चित्रपत्रे दिलेली आहेत.

येथे थोडे आडवळण घेतलेच पाहिजे, कारण या पडद्यांचे कापड अनेकदा आपल्या देशातून गेलेले असे. मच्छलीपट्टणच्या आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या अन्य गावांच्या रंगाऱ्यांनी कलमाने रंगवलेली छीट सतराव्या शतकात लंडन-पॅरिसच्या घराघरांत शिरली. सॅम्युएल पीप्स या इंग्रज अधिकाऱ्याने १६६३ च्या सप्टेंबरात आपल्या पत्नीची नवी अभ्यासिका मढवण्यासाठी अशी छीट विकत घेतल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. धुतले तरी रंग जात नाही आणि हलके असल्यामुळे चुणीही चांगली पडते, असे कापड तिकडच्या विणकरांनी पाहिलेलेच नव्हते. तेव्हा त्यांनी सरकारदरबारी गाऱ्हाणे नेले हे ओघाने आलेच. फ्रान्सने १६८६ साली छिटेवर बंदी घातली ती १७५९ पर्यंत टिकली; इंग्लंडने १७०१ पासून आशियाई छिटेचा देशांतर्गत वापर निषिद्ध ठरवला, आणि १७२१ च्या कायद्याने अंगावर नेसण्यास व घर सजवण्यासही छापील सुती कापड वापरता येईना. या कायद्याची झळ कोणाकोणाला लागली याचे एक उदाहरण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. सुप्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याने कलकत्त्यातील इंग्रजांना नाट्यगृह उभारण्याच्या कामी साहाय्य केले, म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी त्याच्या पत्नीसाठी मच्छलीपट्टणची छीट धाडली. तिचे पलंगाचे पडदे झाले, आणि १७७५ साली जकात खात्याने ते जप्त केले. एवढा मोठा नट, पण त्याला पत्नीच्या पडद्यांसाठी जकातीच्या अधिकाऱ्यांपुढे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. आपल्या कारागिरांच्या हातची वस्तू अडवण्यासाठी दोन बलाढ्य राज्यांना कायदे करावे लागले, याचा अभिमान आणि पुढे त्याच कारागिरांचे काय झाले याचा विषाद, हे दोन्ही त्या पलंगासमोर एकाच वेळी मनात उभे राहतात.

आता मूळ विषयाकडे वळू. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९१ साली कारागिरांच्या पंचायती मोडून काढल्या. तोपर्यंत पेशाची विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी आणि हातोहात जात असे. ती लिहून ठेवण्याचे प्रयोजन नव्हते, आणि पुष्कळ अंशी ती लिहिली जाऊ नये यातच पंचायतीचे हित होते. तो बांध फुटला, आणि त्याच दशकात अभिरुचीनेही मोठी कलाटणी घेतली. ग्रीक व रोमन शिल्पांतील वस्त्रांच्या चुण्या हा सौंदर्याचा आदर्श ठरला, आणि शार्ल पर्सिए व पिएर फोंतेन या दोघा वास्तुशिल्प्यांनी नेपोलियनसाठी जी दालने सजवली त्यांत भिंती आणि खिडक्या वस्त्राने वेढून टाकल्या. मालमेझों येथील सल्लामसलतीचे दालन त्यांनी १८०० साली लष्करी तंबूसारखे पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाने मढवले. सेनापतीच्या निवासाला ते साजेसेच होते. त्यांच्या आराखड्यांचा संग्रह १८०१ पासून भागाभागाने निघू लागला आणि १८१२ साली समग्र प्रसिद्ध झाला. पॅरिसमध्ये ला मेझांजेर याची चित्रपत्रे १८०२ पासून निघत होती, लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान याचे मासिक १८०९ पासून १८२८ पर्यंत चालले, आणि त्याच्या आरंभीच्या अंकांत तर कापडाचे खरेखुरे तुकडे डकवलेले असत. या सर्वांतून एकच वस्त्रसज्जा पुनःपुन्हा दिसते: वर भाल्यासारखी सोनेरी लगी, तिच्यावरून जणू एकच लांबलचक वस्त्र बेफिकिरीने टाकलेले, मध्ये दोन-तीन झोळ पडलेले, दोन्ही टोकांना चुणीदार पदर लोंबत असलेले, आणि आत पातळ मलमलीचा पडदा.

हे चित्र काढणे सोपे होते. ते खिडकीवर उतरवण्याची जबाबदारी मात्र कारागिरावर पडली, आणि त्याला लवकरच उमजले की एकच सलग वस्त्र लगीवरून टाकून असे दृश्य निर्माण होत नाही. कापड घसरते, एक झोळ खोल तर दुसरा उथळ पडतो, झोळाच्या मधोमध सुरकुती मोडते, आणि पदराची उलटी बाजू नको तेथे दिसते. म्हणून जे एकसंध भासते ते वस्तुतः सुटे सुटे केले जाऊ लागले: झोळ वेगळा, पदर वेगळा, लगीभोवतीचे वेटोळे वेगळे, प्रत्येकाचा कागदी साचा निराळा, आणि सर्व तुकडे टाके घालून व चुका मारून अशा रीतीने जोडायचे की जोड कोठेच दिसू नये. पर्सिए-फोंतेन यांची कीर्ती जगभर झाली. त्यांच्या रेषांना कापडात जन्म देणारे बेतणारे मात्र अनामिक राहिले, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

या बेतणाऱ्यांनी ही अडचण कशी सोडवली हे एक झोळ प्रत्यक्ष आखूनच पाहिले पाहिजे. समजा खिडकीच्या माथ्यावर बसवलेल्या फळीवर ४० इंच रुंदीचा आणि मध्यभागी १६ इंच खोल असा झोळ हवा आहे. पहिला प्रश्न असा की, त्याच्या खालच्या काठाची लांबी किती? कारागीर याचे उत्तर गणिताने काढीत बसत नाही. तो फळीच्या दोन टोकांना एक बारीक साखळी अडकवतो, ती मध्यभागी १६ इंच खाली येईपर्यंत सैल सोडतो, आणि मग खाली उतरवून मोजतो. ती पावणेचोपन्न इंचांच्या आसपास भरते. टांगलेल्या साखळीचे हे वळण म्हणजे सतराव्या शतकातील गणितज्ञांना पडलेले एक मोठे कोडेच होते. गॅलिलिओने १६३८ साली ते परवलयाच्या जवळचे मानले. ह्यूजेन्सने वयाच्या सतराव्या वर्षी, १६४६ साली, ते परवलय नव्हे हे सिद्ध केले. आणि १६९१ साली लायब्निझ, ह्यूजेन्स व योहान बेर्नुली या तिघांनी स्वतंत्रपणे त्याची उकल दिली. कारागिराला ती उकल ठाऊक असण्याची गरज नव्हती. साखळी त्याच्यापुढे उत्तर लिहून ठेवीत असे.

यानंतर जाड कागद मधोमध दुमडतात आणि दुमडीला मध्यरेषा मानून अर्धाच झोळ आखतात, म्हणजे उलगडल्यावर दोन्ही अंगे तंतोतंत सारखी येतात. फळीवर दोन्ही टोकांना आठ-आठ इंच जागा चुण्यांना दिली, तर मध्ये २४ इंच सपाट उरतात. म्हणून वरची अर्धी रेषा १२ इंचांची. खालची अर्धी रेषा साखळीच्या निम्मी, म्हणजे सुमारे २७ इंच. या दोहोंमधील अंतर मात्र १६ इंच नव्हे. चुण्यांत कापड जिरते, म्हणून निदान दुप्पट, ३२ इंच ठेवावे लागते. आता वरच्या रेषेचे बाहेरचे टोक खालच्या रेषेच्या बाहेरच्या टोकाशी जोडले की सुमारे ३५ इंचांची एक तिरकी रेषा मिळते, आणि तीच या साऱ्या बेतणीचा प्राण होय. पाच चुण्या घालावयाच्या असतील तर तिचे सात-सात इंचांचे पाच भाग पाडायचे. शिवताना यातील प्रत्येक बिंदू उचलून फळीवर आणायचा, आणि एकेक चुणी दीड इंचाहून किंचित अधिक अंतराने आधीच्या चुणीवर चढवीत न्यायची. खालचा काठ मध्यभागी थोडा फुगीर ठेवायचा. तो सरळ ठेवला तर टांगल्यावर झोळाच्या पोटात कापड कमी पडल्यासारखे दिसते. एवढे करूनही कोणी शहाणा कारागीर कात्री थेट रेशमावर चालवत नाही. प्रथम मांजरपाटावर साचा कापून तो उभ्या फळीवर टाचण्यांनी लावायचा, दूर जाऊन पाहायचा, चुणी कोठे मोडते, कोठे फुगते ते हेरायचे, टाचण्या हलवायच्या, आणि जी दुरुस्ती झाली ती परत कागदावर नोंदवायची. हा कागद हाच कारखान्याचा ठेवा.

याहून मोठे रहस्य कापडाच्या धाग्यात आहे. उभ्या-आडव्या धाग्यांना समांतर कापलेले कापड खाली ओघळत नाही. ते कोपऱ्यांत कडक मोडते. तेच कापड उरेब, म्हणजे दोन्ही धाग्यांना पंचेचाळीस अंशांनी तिरके कापले, तर धाग्यांचे चौकोन स्वतःच्याच भाराने तिरपे होतात, कापड लवते, आणि चुण्या गोल वळणाने एकीखाली एक उतरत जातात. परंतु उरेब कापणीत पन्ह्याचे कोपरे वाया जातात, पट्टेदार कापडाचे पट्टे तिरपे होतात, वेलबुट्टीचे फूल आडवे पडते आणि मखमलीची लव दोन अंगांना दोन रंग दाखवते. म्हणून कारागिराला प्रत्येक वेळी तोल साधावा लागे: साधे रेशीम उरेब कापावे, किनखापासारखे भारी वस्त्र सरळच ठेवून झोळ उथळ करावा, आणि साचे एकाशेजारी एक उलटसुलट मांडून कापड वाचवावे. कारागिराची मजुरी थोडी आणि कापडाची किंमत अफाट अशा काळात या शेवटच्या गोष्टीवरच कारखान्याचा नफा-तोटा ठरे.

पदराची बेतणी त्यामानाने सोपी, पण फसवी. दहा इंच रुंदीच्या पदरात चुण्या काठाला काठ लागून बसल्या तर तीस इंच कापड जाते. त्याचा खालचा काठ कागदावर केवळ एक तिरकी सरळ रेषा असतो, परंतु चुण्या घातल्या की तीच रेषा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी नागमोडी होते आणि प्रत्येक वळणावर अस्तर डोकावते. म्हणून पदराचे अस्तर लपवण्याचे नसून मिरवण्याचे असते. किरमिजी पदराला फिकट पिवळे अस्तर, निळ्याला पांढरे, ही योजना बेतण्याच्या वेळीच ठरवावी लागे.

हे ज्ञान कागदावर केव्हा उतरले? लंडनच्या ॲरोस्मिथ नावाच्या कारागिराने १८१९ साली वस्त्रसज्जेच्या विश्लेषणावर एक पुस्तक काढले आणि त्याला निरनिराळ्या आकारांचे शंभराहून अधिक झोळ बेतण्याची प्रमाणे देणारा तक्ता जोडला. मला हा तक्ता त्या काळच्या कोणत्याही रंगीत चित्रपत्रापेक्षा मोलाचा वाटतो. आतापर्यंत ज्यासाठी शागिर्दाने वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताकडे टक लावून पाहायचे, ते आता दूरच्या गावातला एखादा होतकरू कारागीर तक्त्यातल्या रकान्यांवरून करू शकत होता. पॅरिसमध्ये देझिरे गिल्मार याने १८३९ पासून खुर्च्या, सामान आणि पडदे अशा तीन विभागांत चित्रपत्रे काढण्यास आरंभ केला. परंतु ती पुन्हा चित्रेच. शतकाच्या मध्यावर ज्यूल व्हेर्देले याने तापिसियेसाठी जो ग्रंथ सिद्ध केला त्याच्या नावातच त्याने भूमिती हा शब्द घातला. वस्त्र ही मोजता येणारी, आखता येणारी आणि म्हणून शिकवता येणारी वस्तू आहे, अशी त्याची प्रतिज्ञा होती. अमेरिकेत बॉस्टन येथे १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या मोरलँड याच्या पुस्तकात ही परंपरा अधिक व्यवहारी झाली.

परंतु शास्त्र पूर्णत्वाला जावे आणि त्याच सुमारास त्याचा लोकाश्रय ओसरावा, असे पुष्कळ विद्यांच्या बाबतीत घडते. येथेही तेच घडले. झाकारच्या मागाने १८०४ नंतर नक्षीदार रेशीम स्वस्त केले. १८४६ साली नॉटिंगहॅमच्या जॉन लिव्हसी याने जाळीचे पडदे विणणारे यंत्र काढले आणि तयार पडदा मध्यमवर्गीयांच्या खिडकीत आला. शिवणयंत्र घरोघर पोहोचले. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एबनेझर बटरिक याने निरनिराळ्या मापांचे कागदी साचे विकण्यास प्रारंभ केला. ते अंगावरच्या कपड्यांचे होते, परंतु साचा ही कारखान्याची गुप्त ठेव न राहता दुकानात मिळणारी वस्तू झाली. दुसरीकडे श्रीमंतांच्या घरांत वस्त्राचा अतिरेक झाला: एका खिडकीवर तीन-तीन थर, झालरीवर झालर, गोंड्यांवर गोंडे. चार्ल्स ईस्टलेक याने १८६८ साली गृहाभिरुचीवर पुस्तक लिहून या साऱ्यावर कठोर टीका केली, आणि साधी लगी, कड्या व सरळ पडदा यांचा पुरस्कार केला. धूळ साठते आणि सामान्य कुटुंबाचे द्रव्य व्यर्थ जाते, हे त्याचे आक्षेप यथार्थ होते. पण वस्त्राचा कापलेला घाट मुळातच खोटा, हा त्याचा अभिप्राय मी मान्य करू शकत नाही. लाकडाला रंध्याने घाट देणे जर प्रामाणिक, तर कापडाला कात्रीने घाट देणे अप्रामाणिक कसे? ईस्टलेकचा राग अतिरेकावर होता. त्याची शिक्षा मात्र विद्येला झाली. विसाव्या शतकाने सरळ पडदाच पत्करला, जुने कारखाने मोडले, आणि कागदी साच्यांच्या गुंडाळ्या रद्दीत गेल्या.

त्यांची उणीव भासली ती ऐतिहासिक वास्तूंचे जतन करणाऱ्यांना. एखादे दालन मूळ रूपात उभे करायचे तर भिंतीवरचा रंग खरवडून सापडतो, पण पडदा कसा होता हे कसे ठरवावे? जुन्या फळीवरील खिळ्यांची भोके, एखाद्या फाटक्या तुकड्यावरील टाक्यांच्या खुणा, उन्हाने विटलेल्या आणि चुणीत दडून राहिलेल्या पट्ट्यांतील रंगभेद, यांवरून तज्ज्ञ मंडळी चुण्यांची संख्या व खोली ताडतात. आणि मग बेतणी उलगडण्यासाठी त्यांना जुन्या बेतणाऱ्यांच्या पुस्तकांचाच आधार घ्यावा लागतो. याच गरजेतून मोरलँडचे पुस्तक १९७९ साली नव्या नावाने पुन्हा छापले गेले.

आपल्याकडेही हा विषय केवळ परदेशीय राहिलेला नाही. मुंबई-पुण्याच्या बंगल्यांत, संस्थानिकांच्या राजवाड्यांत आणि नाट्यगृहांच्या दर्शनी पडद्यावरील मखमली झालरीत हा झोळ आला, आणि तो बेतला आपल्याच शिंप्यांनी. साहेबाच्या पुस्तकावरून म्हणा, वा जुना पडदा उसवून त्याचा माग काढून म्हणा, त्यांनी ही विद्या आत्मसात केली. त्यांच्या दुकानांच्या माळ्यांवर आजही खाकी कागदाच्या आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या गुंडाळ्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या असतात. त्यांवर पेन्सिलीने मापे, चुण्यांच्या खुणा आणि क्वचित गिऱ्हाइकाचे नाव लिहिलेले असते. दुकान बदलताना अथवा वडील माणूस गेल्यावर या गुंडाळ्या सर्वांत आधी बाहेर फेकल्या जातात. ज्यांच्या घरी हा धंदा पिढीजात चालत आला आहे, ज्यांच्या नाटकमंडळीचे सामान कोठे कुलुपात पडले आहे, त्यांना माझी विनंती आहे की, एखादा साचा टाकण्यापूर्वी तो उलगडून पाहा, त्याच्या कोपऱ्यात तो कोणत्या खिडकीचा अथवा कोणत्या रंगमंचाचा आणि साधारण कोणत्या सालचा हे शाईने लिहा, आणि जवळच्या संग्रहालयाकडे किंवा जुने कागद सांभाळणाऱ्या एखाद्या संस्थेकडे तो पोहोचता करा.